दोन डबे, एकच पत्ता

चरई, ठाणे
रविवार, दुपार

प्रिय बाळ्या,

नवा वायफाय राउटर फायबरच्या डब्याला कसा जोडायचा, हे विचारायला तू परवा फोन केलास आणि तो तीनदा कट झाला. तिसऱ्या वेळी "मग निळ्या भोकात..." एवढंच ऐकू आलं. मी स्पीकरवर ठेवलेला होता, त्यामुळे ही स्वयंपाकघरातून लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. म्हटलं, आता फोन नको, सरळ लिहूनच पाठवू. वाचताना राउटर समोर ठेव आणि जवळचा चष्मा लाव. त्या डब्यामागची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी असतात.

तू मला विचारलंस यातच गंमत आहे. तुला वाटतं अन्याने ठाण्यात बसून राउटर लावला म्हणजे त्याला जमतं. अरे, लावायला चार दिवस लागले आणि त्यात एक पाप घडलं. ते पुढे सांगतो. आपल्या दोघांतच ठेव.

आमच्या दाराजवळ, चपलांच्या रॅकच्या वर फायबरचा डबा बसवलेला आहे. त्याला ओएनटी म्हणतात. आपण त्याला मोडेमच म्हणत राहणार, काही बिघडत नाही. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यानंतर घरोघरी आलेला तो किंचाळणारा डबा आठवतोय? फोनच्या तारेवरून कूं-कर्रर्र करायचा, आणि तेवढ्यात कोणी फोन उचलला की सगळं बोंबललं. तो खरा मोडेम, आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा. आताचा डबा प्रकाशाचं काम करतो. काचेच्या केसाएवढ्या धाग्यातून लेझर येतो, हा डबा त्याचं विजेच्या भाषेत भाषांतर करतो. हिरव्या टोकाची ती बारीक वायर आहे ना, तिला काटकोनात मुडपू नकोस, आणि ती काढून टोकात डोळा लावून तर मुळीच बघू नकोस. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण लागतो.

तर हा डबा दाराशी आणि हिचा संस्कृतचा ऑनलाइन वर्ग मागच्या खोलीत. आमची बिल्डिंग जुनी, मधल्या भिंती जाड. रोज सकाळी साडेसातला ही "रामः रामौ" म्हणायची आणि "रामाः"ला पडदा गोठायचा. मुलं तिकडून ओरडायची, "टीचर, तुम्ही स्टॅच्यू झालात!" शेवटी मुलाने पुण्याहून चार अँटेनांचा राउटर पाठवला आणि फोनवर म्हणाला, "बाबा, काही नाही, एक वायर लावायची." हे वाक्य मी आता त्याला जन्मभर ऐकवणार आहे.

पहिल्या दिवशी, शनिवारी, मी ती एक वायर लावली. राउटरच्या मागे चार पिवळी भोकं आणि एक निळं. चार सारखी आहेत म्हणजे ती मुख्य, निळं काहीतरी जादा असणार, असा हिशेब करून पिवळ्यात घातली. नेट चाललं! म्हणजे माझ्या मोबाइलवर चाललं, हिच्या लॅपटॉपवर नाही. दहा मिनिटांनी लॅपटॉपवर चाललं, मोबाइलवर बंद. मी म्हटलं मोबाइल जुना झाला. ही म्हणाली माणूस जुना झालाय.

कारण मला नंतर कळलं. निळं भोक म्हणजे वॅन, बाहेरचा दरवाजा. ओएनटीकडून आलेली वायर त्यातच जायला हवी. काही राउटरवर रंग वेगळे असतात, तेव्हा रंगावर जाऊ नकोस, बाजूला लिहिलेलं वाच. पिवळी भोकं घरातल्यांसाठी. बाहेरची वायर पिवळ्यात घातली की ओएनटी आणि राउटर दोघेही घरातच येऊन बसतात आणि दोघेही घरातल्या मोबाइल-लॅपटॉपना पत्ते, म्हणजे ओळखीचे आकडे (आयपी ॲड्रेस), वाटायला लागतात. त्यात दोघांचा स्वतःचा पत्ताही एकच, १९२.१६८.१.१. हे आकडे १९९४ साली खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेत. बाहेरच्या इंटरनेटवर ते चालतच नाहीत, म्हणून दापोलीत, ठाण्यात, कुठेही तेच आकडे बिनदिक्कत वापरता येतात. पण एकाच घरात दोघांनी तोच लावला की झालं. घोडबंदर रोडला एका गल्लीत दोन 'साईकृपा' असल्या की कुरिअरवाला जसा कधी ह्या गेटवर, कधी त्या गेटवर उभा राहतो, तसं आमच्या मोबाइलचं आणि लॅपटॉपचं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी पाप झालं. राउटर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा म्हणून मागचं ते बारीक छिद्र शोधलं आणि हिच्या पर्समधली सेफ्टी पिन घालून दहा सेकंद दाबून धरली. राउटरचे दिवे तसेच. वर बघतो तर ओएनटीचे सगळे दिवे गेले आणि एकेक करून परत आले. दोन्ही डबे पांढरे, दोन्ही रॅकवर शेजारी-शेजारी, आणि मी पिन घातली होती ओएनटीच्या पाठीत!

बाळ्या, हे अधोरेखित करून ठेव. ओएनटी कधीही रिसेट करू नकोस. कंपनीचं लॉगिन, तिचे नंबर, सगळं त्यात भरलेलं असतं. पिन घातली की तो कोरा होतो आणि मग त्यांचा माणूस येईपर्यंत बसायचं. दिवे मात्र फसवतात. पॉनचा हिरवा दिवा स्थिर होता, म्हणजे काचेतून प्रकाश नीट येत होता. तांबडा एलओएस पेटला असता तर धागा तुटला किंवा निघाला असं समजतं. इथे धागा ठीक, पण आत ओळखच पुसलेली, त्यामुळे नेट शून्य.

सोमवारी सकाळी हिने मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गॅलरीत कुंड्यांमध्ये बसून वर्ग घेतला. शेजारच्या काकू खिडकीतून "रामैः" म्हणायला शिकल्या. दुपारी कंपनीचा पोरगा आला, पाठीला सॅक, एका कानात इअरफोन. दोन मिनिटं लॅपटॉपवर बघितलं आणि विचारलं, "काका, हा रिसेट कोणी केला?"

मी म्हटलं, "काल लाईट गेली होती ना, तेव्हा झालं असेल."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग रॅकवरच्या सेफ्टी पिनेकडे बघितलं आणि "होतं असं" एवढंच म्हणाला. चहा घेतला, सगळं परत भरलं आणि गेला. हिला अजून लाईटचीच गोष्ट माहीत आहे. तू आलास की तोंड बंद ठेव.

त्याला मी विचारलं होतं, "हा डबा फक्त प्रकाशाचं काम करू दे, बाकीचं माझा राउटर करील, असं करता येतं का?" येतं. त्याला ब्रिज मोड म्हणतात. मग कंपनीचं पीपीपीओईचं, म्हणजे तिच्या नेटला जोडून घ्यायचं, लॉगिन आणि पासवर्ड राउटरमध्ये भरायचा. पण पासवर्ड देणं त्याच्या हातात नव्हतं, आणि हेल्पलाइनवर पंचवीस मिनिटं बासरी ऐकून मला "नोंद घेतली आहे सर" एवढंच मिळालं. मग ब्रिजचा नाद सोडला. आता दोन्ही डबे आपापल्या परीने पत्ते बदलतात. त्याने घरातलं काहीच अडत नाही. बाहेरून घरातला कॅमेरा बघायचा असेल किंवा नातवाला काही खेळ खेळायचे असतील तरच अडचण येते.

पण पत्त्याचं भांडण मिटवावंच लागलं. वायर निळ्यात घातली तरी राउटरला बाहेरून १९२.१६८.१.५ मिळाला आणि आतून तो स्वतः १९२.१६८.१.१. त्यामुळे बाहेर काय आणि घरात काय, हेच त्याला कळेना. काही राउटर हे स्वतःहून ओळखून आतला पत्ता बदलतात. आमचा तेवढा हुशार नाही. त्याचा आतला पत्ता १९२.१६८.२.१ केला आणि पाचव्या मिनिटाला सगळं सुरू. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत हे आकडे टाकले की राउटरचं पान उघडतं. आकडे इंग्रजीतच टाक, तुला मराठी कीबोर्ड उघडा ठेवायची सवय आहे.

मग वेगाचं राहिलं. प्लॅन दोनशे एमबीपीएसचा, आणि टेस्ट केली की चौऱ्याण्णव. पुन्हा केली, चौऱ्याण्णव. पहाटे पाचला उठून केली, तरी चौऱ्याण्णव. इतका शिस्तीचा आकडा बघून मला बँकेतला हिशेब आठवला. चूक रोज तेवढ्याच रुपयांची असली की ती चोरी नसते, कुठल्या तरी रकान्याची असते. वायर काढून भिंग धरलं. टोकाच्या पारदर्शक क्लिपमध्ये आठ खाचा, आणि तारा फक्त चार: पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, हिरवी. निळ्या आणि तपकिरी जोड्यांच्या जागा मोकळ्या. राउटरबरोबर आलेली वायर आखूड पडत होती म्हणून मी माळ्यावरची जुनी वायर लावली होती. चार तारांवर शंभरपर्यंतच जातं, त्यातले पाच-सहा माहितीच्या पाकिटांच्या वेष्टनातच जातात, उरतात चौऱ्याण्णव. त्याच्या वर जायला आठही तारा लागतात. स्टेशनजवळच्या दुकानातून दीडशे रुपयांची कॅट सिक्स, म्हणजे आठही तारांची वायर, आणली आणि एकशे नव्वदच्या पुढे गेला. तू मात्र आधी खोक्यावर बघ, भोकं गिगाबिट, म्हणजे हजारापर्यंत जाणारी, आहेत का. "१०/१००" लिहिलेलं असेल तर सोन्याची वायर घातलीस तरी शंभरच.

राउटर कुठे ठेवायचा यावर मात्र दोन दिवस तह चालला. मला घराच्या मधोमध, उंचावर जागा हवी होती. टीव्हीच्या मागे नको, लोखंडी कपाटाला चिकटून नको, मोठ्या आरशामागे नको, कारण काचेमागचा मुलामा लहरी परतवतो. घराचं मधोमध म्हणजे नेमकी आप्पांच्या फोटोची फळी निघाली. ही म्हणाली, "सासऱ्यांच्या शेजारी ते भूत नको." आता आहे तिथेच. चार अँटेना उदबत्त्यांसारख्या उभ्या आणि हार त्यांना लागू नये म्हणून थोडा डावीकडे सरकवलाय. आप्पा रेडिओची एरियल गच्चीवर तासन्‌तास फिरवत बसायचे, त्यांना आवडलंच असतं.

तुझ्याकडचं प्रकरण वेगळं आहे, म्हणून माझी नक्कल करू नकोस. जांभ्याच्या फूटभर भिंतीतून लहरी जाणार नाहीत. पाच गिगाहर्ट्‌झवाल्या तर ओटीवरच दम टाकतील. दोन पॉइंट चारवाल्या थोड्या पुढे जातील, पण हळू. तुझा फायबरचा डबा ओटीवर आहे, तर तिथून माजघरापर्यंत कॅट सिक्स टाक. शंभर मीटरपर्यंत तिला काही होत नाही, तुझ्या वाड्याला पंधरा-वीस पुरे. राउटर माजघरात ठेव आणि त्याला एपी मोडवर टाक. मग तो पत्तेबित्ते वाटत नाही, ते काम ओएनटीच करतो, राउटर नुसता वायफाय पसरवतो. दोन कारभारीच नाहीत, तर भांडण कुठलं? मी ते केलं नाही, कारण नातवाचा टॅब रात्री दहाला आपोआप बंद पडावा ही सोय मला राउटरमधून हवी होती. तुझ्या घरी रात्री दहाला जागा असतोच कोण?

वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेव, म्हणजे टीव्ही, मोबाइल सगळे न विचारता जोडले जातात. मी नवीन नाव ठेवलं आणि आठ ठिकाणी पासवर्ड टाकत बसलो. ओएनटीचं वायफाय मात्र बंद करून टाक, नाहीतर मोबाइल ओटीवरच्या अर्धमेल्या सिग्नलला चिकटून राहतो. राउटरच्या पानाचा ॲडमिन पासवर्डही बदल आणि देवघरातल्या वहीत लिही. सुरू करताना आधी ओएनटी, पॉनचा दिवा स्थिर झाला की मग राउटर.

पावसाळ्यात ढग गडगडले की दोन्ही प्लग काढ. काचेतून वीज येत नाही, बोर्डातून येते. आणि लाईट गेली तरी नेट हवं असेल तर एक छोटा बारा व्होल्टचा यूपीएस घे. घेताना दोन्ही डब्यांच्या अ‍ॅडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घे. आमच्याकडे तो घेतल्यापासून लाईट गेली की आख्खी बिल्डिंग काळोखात आणि मागच्या खोलीतून "रामेण" चालू.

गणपतीला येतोस ना? तलावपाळीवर संध्याकाळी बसू, पूर्वीसारखं. येताना आमसुलं आण.

तुझा,
अन्या

ता. क. अडलास तर राउटरच्या बुडाच्या स्टिकरचा फोटो पाठव. पण मला एकट्याला पाठव. मागे तू वीजबिल शाळेच्या ग्रुपवर टाकलं होतंस, आणि या स्टिकरवर पासवर्ड छापलेला असतो.