क्यू परत पिशवीत टाकू नकोस

प्रिय विनय,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या टाइल बोर्डवर लावून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ, खेळताना क्यू आला की तू तो बदलून घेतोस आणि त्यापायी आख्खी पाळी घालवतोस, हे वाचून राहवलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसलोय. अरे, दहा गुणांची टाइल आपणहून परत कशाला करायची? इंग्रजीत क्यूनंतर बहुधा यू येतो, म्हणून यू येईपर्यंत क्यू नुसता अडून बसणार, असं तू धरून चाललायस. त्याला यू लागतच नाही.

सगळ्यात आधी क्यू-आय पाठ कर. चिनी विचारातली प्राणशक्ती ती. हा शब्द 2006 साली स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या शब्दांच्या उत्तर अमेरिकेतल्या अधिकृत यादीत आला आणि खेळाचा रंगच पालटला. आता जरा बोर्ड डोळ्यांसमोर आण. आडवा टी-ए-एक्स-आय लागलाय, पुढे जागा मोकळी आहे आणि त्या शेवटच्या आयच्या बरोब्बर वर अक्षराचे तिप्पट गुण देणारं घर आहे. त्या घरात क्यू ठेवायचा आणि त्याच्या उजवीकडे आपल्या रॅकवरचा आय. आडवा क्यू-आय झाला, उभाही झाला. क्यूचे 30 आणि आयचा 1 असे दोन्हीकडून 31, म्हणजे एकूण 62! टाइल गेल्या फक्त दोन. सातच्या सात टाइल एकदम लावल्या तरी बोनस 50 चाच असतो, हे लक्षात घे.

आय नसेल तर क्यू-ए-टी आहे (ती चघळायची पानं), एस-यू-क्यू आहे, म्हणजे अरबी बाजार. चार अक्षरांत क्यू-ए-डी-आय, क्यू-ए-आय-डी, क्यू-ओ-पी-एच. आणि यातले बरेच शब्द आपल्या कानांना नवे नाहीतच. क्यू-ए-डी-आय म्हणजे आपला काझी. फकीर एफ-ए-क्यू-आय-आर असा लागतो, तलाक टी-ए-एल-ए-क्यू असा. कॉलिन्सच्या यादीत (उत्तर अमेरिका सोडून बाकी बहुतेक ठिकाणी धरतात ती) डब्ल्यू-ए-क्यू-एफ, म्हणजे वक्फसुद्धा आहे. जे शब्द इंग्रजीवाल्यांना घोकावे लागतात ते आपण लहानपणापासून ऐकतोय. फक्त स्पेलिंग डोक्यात बसवायचं.

झेड आणि एक्स तर त्याहून सोपे. झेड-ए म्हणजे अमेरिकनांनी पिझ्झाचं केलेलं लाडकं रूप. एक्सचे दोन अक्षरी पाच शब्द आहेत: ए-एक्स, ई-एक्स, ओ-एक्स, एक्स-आय आणि एक्स-यू. यातला एक्स-आय हे ग्रीक अक्षर आणि एक्स-यू हे व्हिएतनामचं नाणं. गंमत म्हणजे एक्स-आयच्या पुढे एस चालतो, एक्स-यूच्या पुढे चालत नाही. अशा बारीकसारीक गोष्टींवर डाव फिरतात. जे एकटा पडला तर जे-ओ, स्कॉटलंडमधलं जिवलग माणूस. माझा सगळ्यात लाडका मात्र झेड-ए-एक्स. छपराच्या स्लेटी कापायचं हत्यार आहे ते, जन्मात पाहिलेलं नाही, पण बोर्डवर झकास बसतं. अर्थ आला पाहिजे असा नियमच नाही. नायजेल रिचर्ड्सने 2015 मध्ये फ्रेंच भाषेतली जागतिक स्पर्धा जिंकली, तीही फ्रेंच बोलता येत नसताना. शब्द नुसते पाठ केले होते पठ्ठ्याने.

मग खरा त्रास कोण देतं? माझ्या मते व्ही. आल्फ्रेड बट्स या आर्किटेक्टने 1930 च्या दशकात वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून टाइलांची संख्या आणि गुण ठरवले. जे, के, क्यू, एक्स, झेड एकेकच ठेवले आणि क्यू-झेडना 10 गुण दिले. गुण तेच राहिले, शब्दांच्या याद्या मात्र फुगत गेल्या, त्यामुळे झेड आता फुकटची कमाई झालाय. व्हीला गुण फक्त 4, टाइल दोन, आणि दोन अक्षरी शब्द एकही नाही, ना या यादीत ना त्या यादीत. आधीच्या शब्दाला चिकटून समांतर शब्द लावायला गेलास की व्ही तिथेच आडवा येतो. त्याच्यासाठी व्ही-यू-जी (खडकातली पोकळी) आणि ए-व्ही-ओ (मकावचं नाणं) जवळ बाळग आणि तो आला की लवकर खपव.

स्वर संपले तर सी-डब्ल्यू-एम हा वेल्श शब्द आहे, डोंगरातली वाटीसारखी दरी. एन-टी-एच, पी-एस-एस-टी हेही चालतात. घोरण्याचा झेड-झेड-झेडसुद्धा चालतो, पण झेड एकच असल्यामुळे दोन्ही कोऱ्या टाइल (कोणत्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या) त्यात जातात आणि कोऱ्या टाइलचे गुण शून्य. नुसती हौस!

आणि एक. क्यू शेवटपर्यंत जपूनही ठेवू नकोस. समोरच्याने आधी टाइल संपवल्या तर तुझे 10 वजा होतात आणि त्याला 10 मिळतात, म्हणजे फरक 20 चा. पिशवीत सातपेक्षा कमी टाइल उरल्या की बदलूनही मिळत नाही. आय मोकळा दिसला की लाव आणि सुट.

पुढच्या डावाआधी यादी कोणती धरायची ते तेवढं कळव. झेड-ओ कॉलिन्समध्ये चालतो, उत्तर अमेरिकेच्या यादीत नाही, आणि तू भर डावात त्यावरून वाद घालणार हे मला पक्कं ठाऊक आहे. मला विचारशील तर कॉलिन्सच धरू.

तुझा,
श्रीकांत