पहिल्या पगाराचा मध्यक जाहीर करा : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : संगणक अभियांत्रिकीच्या पदवीधरांचा पहिला पगार महाविद्यालयनिहाय व शाखानिहाय प्रसिद्ध करण्याबाबत.

महोदय,

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या माझ्यासारख्याकडे पालक दोन प्रश्न घेऊन येतात. मुलाने संगणक अभियांत्रिकी घेतली तर त्याला सुरुवातीला किती पगार मिळेल, हा पहिला. आणि तो परदेशी गेला तर किती मिळेल, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर मला बऱ्यापैकी देता येते. नाशिकच्या अमुक महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलांना प्रत्यक्षात काय मिळते, याचे मात्र देता येत नाही, कारण शासनाच्या कोणत्याही प्रकाशनात ते शाखानिहाय सापडत नाही.

सिंगापूरची विद्यापीठे तेथील शिक्षण मंत्रालयाच्या सहभागाने दरवर्षी नव्या पदवीधरांची पाहणी करतात. प्रत्येक विद्यापीठाच्या प्रत्येक अभ्यासक्रमातून किती जणांना काम मिळाले, त्यांच्या मासिक पगाराचा मध्यक (निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त मिळते तो पगार) किती, खालच्या व वरच्या चतुर्थकावर (सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त पगाराच्या पाव-पाव भागाच्या सीमेवर) तो किती, हे सारे जाहीर होते. संगणक व माहिती तंत्रज्ञान शाखांचा मध्यक अलीकडे दरमहा साडेपाच हजार सिंगापूर डॉलरच्या आसपास आहे आणि बोनस त्यात धरलेला नसतो. ब्रिटनमध्ये पदवीनंतर साधारण पंधरा महिन्यांनी अशी पाहणी होते, शिवाय शिक्षणाच्या नोंदी करखात्याच्या नोंदींशी जोडून विषयनिहाय कमाई काढली जाते. अमेरिकेत ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या सरकारी संकेतस्थळावर महाविद्यालय व विषय निवडला की तेथील पदवीधरांच्या कमाईचा मध्यक समोर येतो.

परदेशी आकडे जपून वाचावे लागतात, हे मी पालकांना आवर्जून सांगतो. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या नव्या पदवीधराचा सरासरी वार्षिक पगार सुमारे ७५ हजार डॉलर, म्हणजे ६० लाख रुपयांहून अधिक. आपल्याकडील मोठ्या आयटी कंपन्यांच्या सुरुवातीच्या वार्षिक साडेतीन लाखांच्या शेजारी तो ठेवला की अठरा पट दिसतो आणि घरातले सगळेच हरखून जातात. परंतु जागतिक बँकेच्या क्रयशक्तीच्या हिशेबाने अमेरिकेत जे एका डॉलरला मिळते ते भारतात २० ते २२ रुपयांत मिळते. तसे मोजले तर आपले साडेतीन लाख १६-१७ हजार डॉलरच्या बरोबरीचे ठरतात आणि अंतर साडेचार पटींवर येते. (साडेचार पट हेही काही थोडे नव्हे.) त्यात ही सरासरी फक्त काम मिळालेल्यांची असते, न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार तेथील संगणकशास्त्राच्या नव्या पदवीधरांपैकी सुमारे ६ टक्के बेरोजगार होते. सप्टेंबर २०२५ पासून नव्या एच-१बी (अमेरिकेत नोकरीसाठीचा व्हिसा) अर्जावर एक लाख डॉलर शुल्क आले, ते वेगळेच. जर्मनीत आयटी क्षेत्रासाठी ब्लू कार्डाची (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या निवास परवान्याची) किमान पगाराची अट २०२५ मध्ये सुमारे ४३,७६० युरो होती, पण एकट्या माणसाच्या अशा पगारातून कर, आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनापोटी साधारण एक तृतीयांश रक्कम आधीच कापली जाते.

आता आपल्याकडे पाहू. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांचे सर्वसाधारण भरतीचे पॅकेज २०१२ च्या सुमारास तीन-सव्वातीन लाख होते. आजही ते साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळते आहे. याच काळात ग्राहक किंमत निर्देशांक २०१२ च्या १०० वरून २०२४ अखेर १९० च्या पुढे गेला. म्हणजे आजच्या साडेतीन लाखांची किंमत २०१२ च्या रुपयांत दोन लाखांनाही पोहोचत नाही. आणि हे पॅकेज म्हणजे पगार नव्हे. कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम त्यातच धरलेली असते, त्यामुळे दरमहा हातात येतात ते २३ ते २५ हजार. नाशिकच्या मुलाला नोकरी बहुधा पुण्याच्या हिंजवडी किंवा खराडीत मिळते; खोलीचे भाडे आणि मेस यांतच त्यातला मोठा भाग संपतो. शैक्षणिक कर्जाचा हप्ता त्यानंतर.

या शाखेविषयी शासन बाकी सारे तपशीलवार सांगते. शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक महाविद्यालयाचे शुल्क ठरवून जाहीर करते आणि सीईटी कक्ष प्रवर्गनिहाय कटऑफ दशांशचिन्हापुढे सात अंकांपर्यंत छापतो. त्या शुल्काच्या बदल्यात पुढे काय मिळते, हे सांगण्याचे काम तेवढे महाविद्यालयांच्या फलकांवर सोडले आहे, आणि त्यांवर असते ते एका विद्यार्थ्याचे छायाचित्र व त्याचे सर्वोच्च पॅकेज. आमच्या जिल्ह्यातील लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तिन्ही भाव रोज जाहीर होतात. कमाल भाव धरून कोणी शेतकरी वर्षाचा हिशेब मांडत नाही. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीसाठी संस्था मध्यक पगार कळवतात हे खरे, पण तो संस्थेने स्वतःच दिलेला असतो, शाखानिहाय नसतो आणि त्या क्रमवारीत न उतरलेल्या संस्थांचा तर नसतोच.

माझी मागणी अशी आहे की केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत पसंतीक्रम भरण्याआधी प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रत्येक शाखेपुढे, पदवीनंतर एक वर्षाने किती जण नोकरीत आहेत आणि त्यांच्या निश्चित मासिक पगाराचा मध्यक व दोन्ही चतुर्थक काय आहेत, हे छापले जावे. उच्च शिक्षणाला गेलेले वेगळे दाखवावेत. ही माहिती केवळ महाविद्यालयांकडून मागवू नये. काही पदवीधरांकडून नियुक्तिपत्र व पगारचिठ्ठी घेऊन तिची पडताळणी करावी. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदींवरून नोकरी आहे की नाही हे कळेल, मात्र पगार त्यावरून काढू नये, कारण अनेक कंपन्या १५ हजारांच्या वेतनमर्यादेवरच निधी भरतात आणि आकडा खराखुरा असूनही दिशाभूल करील. पाच-सात विद्यार्थ्यांच्या लहान तुकडीचा आकडा, व्यक्ती ओळखू येऊ नये म्हणून, देऊ नये.

काही संस्था म्हणतील की पगार बाजार ठरवतो, महाविद्यालय नव्हे. ते मान्य आहे. पण मग फलकांवरील पॅकेजचे श्रेयही त्यांनी घेऊ नये. शासनाला हे विचारण्याचा अधिकार आहेच, कारण २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींचे संपूर्ण शिक्षण व परीक्षा शुल्क शासन भरते.

संपूर्ण राज्यात हे एकदम शक्य नसेल, तर तंत्रशिक्षण संचालनालयाच्या नाशिक विभागीय कार्यालयामार्फत या विभागातील संगणक व माहिती तंत्रज्ञान या दोन शाखांपासून सुरुवात करावी आणि पहिला तक्ता पुढील प्रवेश फेरीच्या माहितीपुस्तिकेत द्यावा. पाहणीची प्रश्नावली तयार करण्यासाठी गणित व संख्याशास्त्राच्या शिक्षकांची गरज भासल्यास मी विनामोबदला काम करण्यास तयार आहे.

आपला नम्र,
गणिताचा एक शिक्षक, नाशिक