ओकाहूच्या किनाऱ्यावरही उतरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलगा किंवा लेक न्यूझीलंडला असते म्हणून ऑकलंडला जाऊन काही महिने राहणारे आई-वडील आता आपल्याकडे बरेच झाले आहेत. मीही त्यांतलीच. तिथे गेलेल्या प्रत्येकाला घरची मंडळी एकदा तरी मिशन बेला नेतातच आणि नेण्यासारखी ती जागा आहेच. शहराच्या मध्यापासून जेमतेम सहा-सात किलोमीटरवर, उपनगरातच, वाइतेमाता बंदराच्या आतल्या अंगाला हा किनारा आहे. समोर रंगितोतो हे ज्वालामुखीचं बेट आडवं पसरलेलं असल्यामुळे खुल्या समुद्राच्या लाटा इथवर पोचतच नाहीत. पाणी इतकं शांत की नातवंडं गुडघाभर पाण्यात खेळत असली तरी आजी-आजोबांनी हिरवळीवर निवांत बसावं. डिसेंबरात पोहुतुकावाची झाडं लालभडक फुलतात. रस्त्यापलीकडे आइस्क्रीमची आणि तळलेल्या मासळीची दुकानं, मधोमध कारंजं. मेलनेशियन मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने 1859 साली बांधलेली काळ्या दगडाची इमारतही अजून उभी आहे. पॅसिफिक महासागरातल्या मेलनेशियाच्या बेटांवरून मुलं आणून त्यांना इथे शिकवत. किनाऱ्याचं आजचं नाव त्या मिशनवरून पडलं.

परदेशवारीच्या लेखांत हे सगळं येतं. त्याच रस्त्यावर, मिशन बेच्या थोडं अलीकडे ओकाहू नावाचा छोटा किनारा लागतो, त्याच्याबद्दल मात्र मी मराठीत कुठे वाचलेलं नाही. शहरातून निघालेली तामाकीलिंक बस तिथूनच पुढे जाते. बहुतेक पाहुणे खिडकीतून होड्या बघतात आणि पुढे जातात. तिथे उतरायला हवं, एवढ्याचसाठी हे पत्र.

ओकाहूला एक गाव होतं. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरींपैकी न्गाती फातुआ ओराकेई या जमातीचं. 1840 मध्ये त्यांचे प्रमुख अपिहाई ते कावाउ यांनी ब्रिटिश गव्हर्नर हॉबसनला राजधानी वसवण्यासाठी सुमारे तीन हजार एकर जागा दिली, त्यातूनच ऑकलंड उभं राहिलं. पुढे जमातीकडे उरलेली ओराकेईची 700 एकर जमीन कधीही विकता येणार नाही, असं 1869 मध्ये न्यायालयाने ठरवलं होतं. तरीही कायदे बदलत, तुकडे पाडत ती काढून घेण्यात आली. 1914 च्या सुमारास शहराच्या मैल्याची मोठी नळवाहिनी गाव आणि समुद्र यांच्या मधून, थेट किनाऱ्यावरून नेली आणि प्रक्रिया न करता ते पाणी जवळच समुद्रात सोडलं. ज्या खाजणातून पिढ्यान्‌पिढ्या शिंपल्या वेचल्या, ते नासलं. नळाच्या बांधामुळे पावसाचं पाणी गावात तुंबू लागलं. त्याच पट्ट्यातून 1930 च्या दशकात तामाकी ड्राइव्ह हा देखणा किनारा-रस्ता झाला. मग गाव दलदलीचं, रोगट आणि अशोभनीय ठरलं. 1951-52 मध्ये घरं रिकामी करवून गावकऱ्यांना टेकडीवरच्या सरकारी घरांत हलवलं, आणि गावातली घरं व सभागृह जाळून टाकलं. ब्रिटनच्या राणीचा दौरा तोंडावर होता आणि मिरवणुकीच्या वाटेवर ते गाव दिसायला नको होतं, असं तिथले लोक आजही सांगतात. जमातीच्या हातात राहिली ती पाव एकर स्मशानभूमी.

आधी शहराने गावाची दुर्दशा करायची आणि मग त्या दुर्दशेचंच कारण सांगून गाव उठवायचं, हा क्रम वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

पुढचं मात्र उमेद देणारं आहे. वरच्या बॅस्टियन पॉइंटच्या टेकडीवर, म्हणजे ताकापाराफाउला, सरकारने श्रीमंती वसाहत करायचं ठरवलं तेव्हा 5 जानेवारी 1977 रोजी जमातीच्याच जो हॉक यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी तिथे ठिय्या दिला. थंडीपावसात पाचशेहून जास्त दिवस ते राहिले. त्या काळात आग लागून एक लहान मुलगी गेली. 25 मे 1978 रोजी पोलीस आणि सैन्य आणून 222 जणांना अटक झाली. पण विषय मिटला नाही. 1987 मध्ये माओरींच्या सरकारविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या वाइतांगी न्यायाधिकरणाने जमातीच्या बाजूने अहवाल दिला आणि 1991 च्या कायद्याने जमीन परत मिळाली. जमातीने त्या टेकडीला कुंपण घातलं नाही. नगरपालिकेबरोबर मिळून ती जागा सांभाळली जाते आणि कुणीही तिथे जाऊन बसू शकतं. उतारांवर देशी झाडं लावली आहेत. खाली खाडीत शिंपल्यांचे थर पुन्हा रुजवून पाणी सुधारायचं कामही जमातीनेच हाती घेतलं. आणखी एक गोष्ट: जवळचं केली टार्लटन मत्स्यालय, जिथे नातवंडांना शार्क बघायला नेतात, ते या मैल्याच्याच जुन्या टाक्यांमध्ये 1985 मध्ये उभारलं आहे. नातवंडांना हेही सांगावं. मुलांना कळतं.

हे सगळं मला इतकं लागलं, कारण मी दादरची. वरळी कोळीवाडा लहानपणापासून पाहत आले आहे. सागरी किनारा रस्ता सागरी सेतूला जोडताना पुलाच्या दोन खांबांमध्ये 60 मीटर अंतर ठेवलं होतं. कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून भरतीच्या वेळी, वारा असताना होड्या एवढ्याशा जागेतून सुखरूप काढता येणार नाहीत, हे नाखवा सुरुवातीपासून सांगत होते. त्यांना समुद्रात होड्या घालून काम अडवावं लागलं, तेव्हा कुठे 2022 च्या अखेरीस एक खांब कमी करून ते अंतर 120 मीटर करायचं मान्य झालं. रोज त्या पाण्यातून जाणाऱ्या माणसाला आराखडा करतानाच विचारलं असतं, तर हा झगडा झालाच नसता. रस्ता मला नको आहे, असं नाही. मीही त्यावरून जाते. पण किनाऱ्यावर राहणाऱ्यांना नकाशावरचा अडथळा समजण्याची सवय किती जुनी आणि किती दूरवर पसरलेली आहे, ते मला ओकाहूला कळलं.

म्हणून दोन विनंत्या. ऑकलंडवर आपल्या पर्यटनाच्या पानात पुढे कधी लिहून आलं, तर मिशन बेसोबत ओकाहू आणि वरच्या टेकडीलाही जागा द्यावी. तिथे तिकीट नाही, चढण फार नाही, आणि वरून बंदर सुंदर दिसतं. दुसरी विनंती घरची. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाच्या बातम्या आपण देताच. त्या वाटेवरच्या कोळीवाड्यांत आणि बंदरांवर आपला प्रतिनिधी पाठवून, होड्या लावायला, जाळी वाळवायला, मासळी सुकवायला लागणाऱ्या जागेचं काय होणार, हे तिथल्या बायका-पुरुषांच्या तोंडूनच छापावं. खांब उभे राहण्याआधी छापावं.

आपली,
एक नियमित वाचक, दादर, मुंबई