कुतच्या वेढ्यात गुरखेही होते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढलेल्या मराठी पलटणींवरचा लेख दोनदा वाचला. आमचं गाव अपशिंग्यापासून जवळ, तिथले ४६ जण त्या युद्धात कामी आले हे लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळे असं काही छापून आलं की जीव अडकतो. लेख चांगलाच होता. पण एक गोष्ट फार खटकली म्हणून लिहितोय.

तिथल्या कुत गावाला तुर्कांनी वेढा घातला तेव्हा ब्रिटिश हिंदी फौजेच्या पूना डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या हे तुम्ही दिलंत, पण त्याच वेढ्यात सातव्या गुरखा रायफल्सची दुसरी बटालियनही होती, तिचं नावसुद्धा नाही. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत आपल्या पोरांनी जी उपासमार काढली तीच त्यांनी काढली आणि शरण गेल्यावर वाळवंटातून कैदी म्हणून तेही तसेच चालत गेले.

कुणी म्हणेल ते पण ब्रिटिश इंडियन आर्मीतच होते ना, वेगळं काय लिहायचं. वेगळं हेच की नेपाळवर इंग्रजांचं राज्य नव्हतं. आपले लोक गुलाम देशाचे सैनिक म्हणून गेले, हे लोक दुसऱ्याच देशातून आले. १९११ मध्ये नेपाळची लोकसंख्या साधारण ५६ लाख, आणि पहिल्या महायुद्धात तिथून दोन लाखाच्या आसपास माणसं गेली असं सांगतात, म्हणजे बायका-पोरं-म्हातारे सगळे धरून दर २८ माणसांमागे एक. त्यात भरती मुख्यतः मगर, गुरुंग, राई, लिंबू या जमातींच्या डोंगराळ गावांतून, तेव्हा तिथे शेताला माणूस किती उरला असेल विचार करा. फ्रान्स, गॅलिपोली, पॅलेस्टाईन सगळीकडे ते होते. १९१५ ला फ्रान्समध्ये कुलबीर थापा स्वतः जखमी असताना जर्मन खंदकांजवळून जखमी सोबत्यांना घेऊन आला, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारा तो पहिला गुरखा.

आणि बदल्यात काय मिळालं? नेपाळचे राणा पंतप्रधान चंद्र शमशेर यांच्या सरकारला वर्षाला दहा लाख रुपये सुरू झाले, १९२३ च्या तहात नेपाळ स्वतंत्र देश असल्याचं इंग्रजांनी लेखी मान्य केलं, हे महत्त्वाचंच आहे, पण ज्यांच्या घरचा मुलगा गेला त्यांना विचारून कुणी पाठवलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात परत तेच, याही वेळी नेपाळने स्वतःच्या फौजेच्या पलटणीही मदतीला दिल्या. त्या युद्धात १९४४ मध्ये ब्रह्मदेशात मोगाँगला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले तुलबहादुर पुन म्हातारपणी उपचारासाठी ब्रिटनला जायला निघाले तर त्यांना आधी व्हिसा नाकारला, ब्रिटनशी पुरेसे संबंध दाखवता आले नाहीत म्हणून! लोकांनी आवाज उठवला तेव्हा २००७ मध्ये मिळाला. हे वाचून मला तर रडूच आलं होतं.

नेपाळमध्ये अशा परदेशी फौजेत गेलेल्यांना लाहुरे म्हणतात, पूर्वी भरतीला लाहोरला जायचे त्यावरून. आपल्याकडे मात्र गुरखा म्हटलं की रात्री शिट्टी मारत काठी आपटत फिरणारा माणूस एवढंच डोळ्यासमोर येतं, माझ्या मुलालाही तेच माहीत होतं. आमच्या कॉलनीत बरीच वर्षं असलेल्या नेपाळी काकांना परवा सहज विचारलं तर म्हणाले, आजोबा इम्फाळच्या लढाईत होते साहेब, एका पायाने लंगडत घरी आले. इतक्या वर्षांत आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं.

तर विनंती एवढीच, या लेखाचा पुढचा भाग येणार आहे असं तुम्ही छापलंय, त्यात इटलीचा विषय निघेलच, दुसऱ्या महायुद्धात तिथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांच्यावर जरूर भरभरून लिहा, पण त्याच इटलीच्या मोहिमेत लढताना मेलेले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले शेरबहादुर थापा आणि थमन गुरुंग यांनाही थोडी जागा द्या, आणि शक्य असेल तर कुतच्या लेखात राहिलेलं सातव्या गुरखा पलटणीचं नाव दुरुस्ती म्हणून छापा.

आपला,
एक वाचक, जि. सातारा