त्यासाठी २०९० कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतली २०९० सालच्या जवानाची विज्ञानकथा वाचली. राग आला तो नक्की कशाचा हे कळेना, म्हणून सोमवारी पुन्हा वाचली. मानेत चिप, अंगावर चिलखत, भीती आणि दया बटणाने बंद, आणि शेवटी आईची अंगाई ऐकून डोळ्यांत पाणी. असो, लेखक तरुण असावेत.

चित्रकारांना मात्र हात जोडून विनंती. फौजेतला हवालदार वेगळा, चौकीवरचा वेगळा. तुमच्या हवालदाराच्या हातात लेझर बंदूक आणि डोक्यावर पोलिसाची टोपी! महूची लष्करी छावणी इथून पंचवीसेक किलोमीटरवर आहे हो, कुणालाही विचारायचं.

न विचारता जीव घेणारं यंत्र बघायला २०९० पर्यंत थांबायला नको. माझा धाकटा भाऊ सॅपर, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर तुकडीतला जवान होता. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रमसाठी त्याची तुकडी राजस्थानच्या सीमेवर गेली. तिथे त्यांनी सुरुंग पेरले. पायाखाली फुटणारा तो सुरुंग तळहातावर मावतो, प्लॅस्टिकचा, शंभर ग्रॅमच्या आसपास. त्याला चिप लागत नाही. पाय शत्रूचा की बकरीमागे धावणाऱ्या पोराचा, त्याला सारखंच. फौज मागे घ्यायची ठरली तेव्हा तेच सगळं उकरून काढायचं होतं. नकाशावर खूण एकीकडे, वाळू सरकून सुरुंग भलतीकडे. पोटावर पडून, सळई तिरकी खुपसत वीतवीत पुढे सरकायचं. "ताई, आपणच लावलेला आपल्याला सापडत नाही," एवढंच एकदा म्हणाला.

सुट्टीवर आला होता तेव्हाची गोष्ट. नेहरू पार्कात माझ्या मुलाचा चेंडू हिरवळीवर गेला. पोरगा धावला, तर याने मागून त्याचा शर्ट असा ओढला की दोन बटणं तुटली. स्वतः सिमेंटच्या वाटेवरून हलला नाही. माळ्याला हाक मारून चेंडू आणवला. रात्री जेवताना घास हातात धरून बसला होता. म्हणाला, "माळ्याला कसं पाठवलं गं मी?"

यात कुठे चिप होती, हे लेखकमहाशयांनी सांगावं. सुरुंगबंदीचा ओटावा करार १९९७ चा, आपण त्यावर सही केलेली नाही. त्याला कारणं असतील, मी काही लष्करतज्ज्ञ नाही. पण भविष्यातल्या चिलखताला अर्धं पान देताना आजच्या सुरुंगाला कधी एखादी चौकट तरी दिलीत का?

कळावे,
एक जुनी वाचक,
रामबाग, इंदूर

ता. क. शब्दकोड्यात आडवा ९ पाच अक्षरी आणि चौकोन चारच, हे सलग दोन रविवार चाललं आहे. भाऊ कोडं पेनाने सोडवतो. त्याला खोडाखोड चालत नाही.