धावू नकोस

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर सहज बोलून गेलास की तुमच्या बांधकामाच्या गेटवरून ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची, लाईन गेलीय आणि सळयांची गाडी तिच्याखालीच उतरवतात. माझा आवाज चढला, तू फोन ठेवलास. चढायला नको होता. पण रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

सळई १२ मीटरची असते. दोघांनी आडवी धरली तोवर ठीक, पण एकाने आपलं टोक जमिनीला टेकवलं की दुसरं वर उठतं, आणि त्या वेळी दोघांची नजर खाली असते. शिडीचं तसंच, परांचीच्या ६ मीटरच्या पाईपचंही तसंच. डंपर माल ओतून हौदा वर ठेवूनच पुढे सरकतो, तेही बघ. तारेपासून ३ मीटर अंतर ठेवायचं ते वीज तेवढी उडी मारते म्हणून नव्हे. ११ केव्हीला ठिणगी उडते ती अगदी जवळून. बाकीचं अंतर आपल्या चुकांसाठी आहे: खालून उंचीचा अंदाज येत नाही, दुपारच्या उन्हात तार तापून झोळते, वाऱ्याने हलते, वजन सुटलं की क्रेनचा बूम, तिचा लांब हात, उसळतो. तारेवर काळं आवरण दिसलं तरी ती उघडीच समज. साधे रबरी हातमोजे, कोरडा बांबू, यांचा तिथे भरवसा नाही.

म्हणून आधी माल उतरवायची जागाच हलव. हलत नसेल तर शटडाऊन घे, म्हणजे लाईनच बंद करून घे, आणि तोही लेखी परमिटवर. ‘बंद केलीय’ हे फोनवरचं वाक्य म्हणजे परमिट नव्हे. लाईन तपासून दोन्ही बाजूंनी अर्थिंग केल्याशिवाय, म्हणजे तार जमिनीला जोडल्याशिवाय, ती चालूच धरायची. कुणाच्या जनरेटरमधून उलटी वीज येऊ शकते. क्रेन असेल तर एक माणूस फक्त तारेकडे बघायला उभा कर, त्याला दुसरं कुठलंच काम देऊ नकोस.

हे सगळं तुला शिकवलेलं असणार, मला माहीत आहे. बापाचं पत्र म्हणजे पुन्हा भाषणच, माफ कर. खरी भीती वेगळीच आहे. गुड्डी विहिरीत पडली तेव्हा तू कपड्यांसकट उडी घेतलीस, कुणाला हाक मारायलाही थांबला नाहीस. ती गोष्ट मी अजून चारचौघांत छाती फुगवून सांगतो. पण तारेखाली कुणी पडला तर तू तसाच धावशील, आणि तिथे दोघं जातात.

समीर, धावू नकोस. तार जमिनीवर पडली की तिच्याभोवतीची माती जिवंत होते. जवळ विजेचा दाब जास्त, लांब कमी; एक पाय पुढे, एक मागे पडला की तो फरक तुझ्या अंगातून वाहतो. निदान १० मीटर लांब राहा. आत सापडलास तर दोन्ही पाय जोडून, जमिनीवरून न उचलता, सरकत बाहेर ये. तार गप्प पडलीय म्हणून मेली असं समजू नकोस. ट्रिप झालेली, म्हणजे बिघाडाने आपोआप बंद पडलेली, लाईन काही सेकंदांत आपोआप परत चालू होऊ शकते. क्रेनवाल्याला केबिनमध्येच बसायला सांग. आगच लागली तर त्याने दोन्ही पाय जोडून लांब उडी मारावी, एकाच वेळी यंत्र आणि जमीन दोन्हींना स्पर्श होता कामा नये. तू सबस्टेशनला फोन कर, लाईन बंद झाल्याचं पक्कं झालं की मगच जवळ जा.

मग मात्र क्षणही घालवू नकोस. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाब दे, मिनिटाला १०० ते १२०, मदत येईपर्यंत. माणूस उठून बसला, हातावर इवलासा डाग आहे, ‘मी बरा आहे’ म्हणतो, तरी त्याला दवाखान्यात ने. आतले स्नायू भाजलेले असू शकतात, बाहेरून दिसत नाहीत. ईसीजी काढायला लाव. लघवी चहासारखी गडद झाली तर डॉक्टरांना लगेच सांग, मूत्रपिंडावर बेततं.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं आपण पैशांवरून भांडलो, तसंच वाटू दे. रागावला असशील तर बोलू नकोस. गाडी उद्यापासून कुठे उतरवणार, तेवढं मात्र कळव.

तुझे
बाबा