पाटावरून उठताना भिंत धरावी लागते म्हणून

ड्युनेडिन, न्यूझीलंड

ती. नाना आणि माय यांना,
शि. सा. न. वि. वि.

कापसाची वेचणी उरकत आली असेल, सकाळी थंडीही चांगली पडत असेल. माय, परवा फोनवर तू म्हणालीस, "गुडघा आते ऐकत नही." पाटावरून उठताना भिंतीला हात लावावा लागतो, हेही बोलण्याच्या ओघात सांगून गेलीस. आणि नाना, तुमचं नेहमीचंच: जन्मभर शेतात राबलो, रोज सकाळी नाल्यापर्यंत फिरून येतो, अजून कसला व्यायाम? दोघांनाही एकच उत्तर आहे: वजन उचलून पायांची ताकद वाढवणं. पण ते फोनवर तुटक तुटक सांगून भागत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

फिरणं सोडू नका. हृदयाला, साखरेला, झोपेला ते चांगलंच आहे. पण चालताना मांड्यांवर जेवढा भार येतो, त्याची त्यांना पन्नास वर्षांची सवय आहे, आणि सवयीच्या भारानं ताकद वाढत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतो, साठीनंतर हा वेग वाढतो, आणि ताकद स्नायूपेक्षाही लवकर उतरते. सगळ्यात जास्त झिजतात ते झटकन काम करणारे तंतू, म्हणजे ठेच लागल्यावर पाय पटकन पुढे टाकून तोल सावरणारे. त्यामुळे रोज कोसभर चालणारा माणूसही न्हाणीत घसरला की सावरू शकत नाही. वेचणी-निंदणीचंही तसंच आहे. तासन् तास हलकं काम, तेही एकाच वाकात. त्यानं अंग दमतं, कंबर धरते, पण मांडीत जोर येत नाही. जोर यायला भार जड लागतो, पण थोडाच वेळ उचललेला, आणि तो भार हळूहळू वाढवावा लागतो.

वय झालं आता, असं म्हणू नका. १९९० साली अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं होतं. त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. तुम्ही दोघं तर अजून सत्तरीतही नाही.

सुरुवात मोजण्यानं करा. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, नाहीतर फरशीवर प्लॅस्टिकची खुर्ची मागे सरकते आणि माणूस खाली बसतो. बैठकीची उंची साधारण ४५ सें.मी. हवी. दोन्ही हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं, पाच वेळा बसायचं, जमेल तितक्या लवकर. मोबाइलवर सेकंद मोजा. १२ सेकंदांच्या आत झालं तर ठीक. १२ किंवा जास्त लागले तर पाय कमी पडताहेत, आणि १५ च्या वर गेले तर आजच कामाला लागा. हात न लावता उठताच आलं नाही तर तेही लिहून ठेवा. आकडा कॅलेंडरवर तारखेपुढेच लिहा, म्हणजे हरवणार नाही.

आठवड्यातून दोन दिवस पुरे: सोमवार आणि गुरुवार. अर्धा तास.

पहिला व्यायाम हीच उठबस. खाली बसताना मनात तीन अंक मोजत सावकाश, वर येताना जोर लावून. गुडघे आत पडू द्यायचे नाहीत, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचे. शेवटच्या वीतभर अंतरात धपकन बसायचं नाही. नेमका तिथेच मांडीला भार मिळतो आणि नेमका तोच सगळे सोडून देतात. आठ वेळा करा, दोन मिनिटं थांबा, असे तीन फेरे. सोपं वाटू लागलं की गव्हाची २ किलोची पिशवी छातीशी धरा, मग ३, मग ५. माय, तुझ्यासाठी आणखी एक: वजन वाढवण्याबरोबर दर दोन-तीन आठवड्यांनी बैठक खाली आण. खुर्चीवरून मोढ्यावर, मोढ्यावरून एकावर एक ठेवलेल्या दोन-तीन पाटांवर. शेवटी एकच पाट राहील.

दुसरा व्यायाम सगळ्यात महत्त्वाचा, आणि घरोघरी तोच सगळ्यात चुकीचा होतो: जमिनीवरून वजन उचलणं. साधी बादली घ्या. पाणी भरू नका, ते हिंदकळतं आणि भार इकडेतिकडे ओढतो. गहू काट्यावर मोजून पिशवीत भरा आणि पिशवी बादलीत ठेवा. माय, तू ५ किलोनं सुरू कर, नाना १० नं. कडी बोटांना कापते, तिला जुनं फडकं गुंडाळा. आता बादली समोर ठेवायची नाही. पाय खांद्याएवढे लांब आणि बादली दोन पायांच्या मधोमध, घोट्यांच्या रेषेत. हातात वैरण असताना गोठ्याचं फाटक आपण कमरेनं मागे लोटतो ना, तशी कंबर मागे न्यायची. गुडघे थोडेच वाकतील. पाठ सपाट. दोन्ही हातांनी कडी धरायची, हात ताठ करून आधी ताण घ्यायचा, मग पायांनी जमीन दाबत उभं राहायचं. खाली ठेवताना तीन अंक.

पाठ सपाट आहे की नाही हे स्वतःला कळत नाही. त्यासाठी पहिले चार दिवस बादली नको, फक्त काठी. काठी पाठीवर उभी धरायची: एक टोक डोक्याला, मधला भाग पाठीच्या वरच्या फुगीर भागाला, खालचा भाग माकडहाडाला टेकलेला. तिन्ही जागा टेकलेल्या ठेवून वाकायचं. काठी डोक्यापासून किंवा माकडहाडापासून सुटली की पाठीची कमान झाली समजा. नाना, तुम्ही मायची काठी बघा आणि मायनं तुमची. कमान करून, त्यात हात लांब करून उचललं की तेच १० किलो कमरेच्या मणक्यांना कितीतरी जड पडतात, कारण वजन शरीरापासून जितकं दूर तितकी त्याची तरफ मोठी. पोतं उचलताना कंबरेत उसण भरते ती बहुतेक वेळा अशीच, झटका देऊन आणि वजन दूर धरून. हेही आठचे तीन फेरे.

वजन किती आणि कधी वाढवायचं, त्याची खूण अशी. आठवी वेळ झाल्यावर अजून दोन-तीनदा झालं असतं असं वाटलं तर वजन बरोबर आहे. अजून सहादा झालं असतं असं वाटलं तर हलकं पडतंय, एक-दोन किलो वाढवा. आठव्या वेळेला पाठ गोल होऊ लागली तर जास्त झालं, कमी करा. लोक इथेच चुकतात. तीन महिने तीच ५ किलोची पिशवी उचलत राहतात आणि मग म्हणतात, काही फरक पडत नाही.

बाकीचं थोडक्यात. ओट्यावर हात टेकून, अंग फळीसारखं ताठ ठेवून दंड काढायचे; जड गेले तर भिंतीला टेकून. तेलाच्या रिकाम्या ५ लिटरच्या कॅनमध्ये पाणी काठोकाठ भरायचं, एक हात खाटेवर टेकून दुसऱ्या हातानं कॅन बरगडीपर्यंत ओढायचा, दोन्ही बाजूंनी. आणि शेवटी नाना, दोन हातांत दोन भरलेल्या बादल्या घेऊन अंगणात वीस पावलं जाऊन या, तीन वेळा. खांदे मागे, पावलं छोटी. हाताची पकड, पोट, पाठ, सगळं यात येतं.

तोलाचं वेगळं सांगते, कारण ते या गावातूनच शिकण्यासारखं आहे. इथल्या ओटागो विद्यापीठानं १९९० च्या दशकात म्हाताऱ्या माणसांना घरच्या घरी करता येतील असे व्यायाम बसवले: पायांना वजनं बांधून ताकद, जोडीला तोलाचा सराव. त्यांच्या चार चाचण्यांत मिळून पडण्याचं आणि पडून इजा होण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालं. ती वजनं विकत आणायची गरज नाही. माय, जुन्या सुती लुगड्याची ४० सें.मी. लांब, १२ सें.मी. रुंद नळी शिव. तिचे आडव्या टिपेनं चार कप्पे कर आणि प्रत्येकात पाव किलो कोरडी वाळू भर. कप्पे केले नाहीत तर वाळू एका टोकाला गोळा होते आणि घोट्याला रुतते. दोन्ही टोकांना नाड्या लाव. झालं एक किलोचं वजन. ते घोट्याला बांधून खुर्चीत बसायचं, गुडघा सरळ करून क्षणभर धरायचा आणि सावकाश खाली आणायचा, दहा वेळा. मग ओट्याला धरून उभं राहायचं, टाच मागे उचलायची दहा वेळा, पाय बाजूला न्यायचा दहा वेळा. मग वजन सोडून चवड्यांवर उभं राहणं, आणि एका पायावर दहा सेकंद, बोटं ओट्याच्या कडेवर ठेवून. हे तोलाचं आठवड्यातून तीन दिवस. न्हाणीत ओल्या फरशीवर मात्र कधीच नाही.

गुडघ्याची भीती वाटेल. झिजलेल्या गुडघ्याला मांडीचा जोर हाच आधार असतो, त्यामुळे व्यायाम हा त्यावरचा पहिल्या फळीतला उपचार आहे. दहापैकी तीन-चार इतपत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं तर चालू ठेवा. सूज आली किंवा रात्री ठणकलं तर बैठक उंच करा आणि वजन अर्ध्यावर आणा, बंद करू नका. मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग चेपल्यासारख्या दुखतील, ते ठीक आहे. नाना, तुम्हाला बीपीची गोळी आहे. उचलताना श्वास कोंडायचा नाही, वर येताना सोडायचा, आणि फेरा संपल्यावर लगेच खाली वाकायचं नाही. छातीत दाब, घेरी, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. मुळात सुरू करण्यापूर्वी त्यांना एकदा विचारूनच घ्या.

आता ताटाचं. एवढं उचललं आणि अंगाला प्रथिनं मिळाली नाहीत तर गवंडी आलेत आणि विटाच नाहीत, अशी गत होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज सांगितली. उतारवयात १ ते १.२ ग्रॅम धरावीत, कारण तेवढ्याच घासाला म्हातारा स्नायू कमी दाद देतो. माय, तुझं वजन ५४, म्हणजे तुला ५४ ते ६५ ग्रॅम. नाना ६६ किलो, त्यांना ६६ ते ७९. तुझ्या दिवसाचा हिशेब मी मांडून पाहिला. सकाळचा चहा नि खारी, दुपारी दोन भाकरी, भरीत आणि पातळ वरण, रात्री खिचडी. जेमतेम ३० होतात, आणि सकाळचे तर जवळपास शून्य. केळीला आपल्याकडे तोटा नाही, पण एका केळ्यात प्रथिन एकच ग्रॅम असतं. ताकही पातळ असेल तर पेलाभर ताकात दोन ग्रॅम.

बाहेरून काही आणायला नको, आपल्या घरचंच पुन्हा रोजच्या ताटात आण. कळण्याची भाकरी आता पाहुणे आले की होते, ती रोजची कर. तीन भाग दादर ज्वारी, एक भाग अख्खा उडीद. ६० ग्रॅम पिठाच्या नुसत्या ज्वारीच्या भाकरीत ६ ग्रॅम प्रथिनं, कळण्याच्या भाकरीत ८. आणि फरक नुसत्या आकड्याचा नाही. ज्वारीत लायसिन नावाचा घटक कमी पडतो आणि उडदात तो भरपूर असतो, त्यामुळे दोन्ही मिळून स्नायूला पुरं पडतं. सकाळी ५० ग्रॅम मूगडाळीचं धिरडं आणि पेलाभर दूध, झाले १८. दुपारी कळण्याच्या दोन भाकरी, घट्ट वरण (माणशी ३० ग्रॅम कोरडी डाळ मोजून), वाटीभर दही, झाले साधारण २५. रात्री फुनके (वाटल्या डाळीचे वाफवलेले मुटके) आणि कढी, सोबत भाकरी. माणशी ५० ग्रॅम तूरडाळीच्या फुनक्यांत ११ ग्रॅम येतात. एकूण साठीच्या पुढे जातं. नाना अंडी खातात, त्यांनी सकाळी दोन उकडलेली घ्यावीत, १२ ग्रॅम वाढतील. तिन्ही वेळा सारखं वाटून खा. सगळं एकदम रात्रीच्या ताटात ढकललं तर तितका उपयोग होत नाही. पावडरीचे डबे आणू नका, गरज नाही.

रक्ताच्या दोन तपासण्या करून घ्या: बी-१२ जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी. माय शाकाहारी, त्यात साखरेसाठी मेटफॉर्मिन घेते; दोन्हींमुळे बी-१२ उतरतं, मग पायाला मुंग्या येतात, तोल जातो, आणि लोक त्याला वय म्हणतात. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांचं ऐका.

आत्ता सुरू केलंत तर होळीपर्यंत बारा आठवडे होतात. पुढे ऊन तापलं की पहाटे, सूर्य वर यायच्या आत करा. लग्नसराईत, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पाहुणेरावळे असतील तेव्हा आठवड्यातून एक दिवस केलं तरी कमावलेली ताकद बरीचशी टिकते, पण वजन तेच ठेवायचं, हलकं करायचं नाही.

दोघांचे पाच उठबशांचे सेकंद येत्या रविवारी फोनवर सांगा, मी इथे लिहून ठेवीन. होळीला पुन्हा मोजू. आणि माय, तेव्हा पुरणाचे मांडे करायला चुलीपुढे पाटावर बसशील ना, तेव्हा उठताना भिंतीला हात लागतो का, ते नानांना बघायला सांग.

लहानांना आशीर्वाद.

तुमची लेक